काडीकिडा दिसत नाही, मग तो खाल्ला कसा जातो?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका शाळेतल्या सरांचा आहे. थोडक्यात असा: "सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात आमची मुलं काडीकिडे शोधतात. हातभर अंतरावर असूनही ते दिसत नाहीत. मग वर्षावनात, जिथे यांचे इतके प्रकार आहेत, तिथे यांना एवढे शत्रू कसे? दिवाळीनंतर मुलांना आंबोलीला नेतोय, तिथे नेमकं काय बघावं? आणि शाळेत ठेवलेल्या आठ पिल्लांपैकी तीनच उरली. बाकीची कोणी खाल्ली असतील?"

सर, 'दिसत नाही' हे आपल्या डोळ्यांचं मत झालं. काडीचं सोंग डोळ्यांना फसवण्यासाठी आहे. तेही दिवसा, आणि तेही किडा हलला नाही तर. वर्षावनात त्याला खाणारे बरेच जण डोळ्यांनी शोधतच नाहीत. मुंगी वासावर आणि स्पर्शावर येते. वटवाघूळ प्रतिध्वनीवर येतं. उंदीर हुंगत येतो. आणि जे डोळ्यांनी शोधतात, ते पक्षी शिकतात. सोंग कितीही हुबेहूब असलं तरी ते या सगळ्यांना पुरत नाही, आणि काडीकिड्याच्या आयुष्यातले काही तास तर असे असतात की सोंगाचा काहीच उपयोग नसतो.

वर्षावनात धोका जास्त आहे का, याचं मोजमाप झालेलं आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातल्या 31 ठिकाणी मऊ हिरव्या क्लेच्या 2,879 अळ्या पानांवर चिकटवल्या आणि कोणी किती चावे घेतले ते पाहिलं. विषुववृत्ताकडे जावं तसा हल्ल्यांचा दर वाढत गेला. ध्रुवाकडच्या टोकाला तो विषुववृत्ताजवळच्या दराच्या साधारण आठवा हिस्सा होता. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढची आहे: हा फरक पक्ष्यांमुळे किंवा सस्तन प्राण्यांमुळे पडला नव्हता. तो पडला होता मुख्यतः मुंग्यांसारख्या छोट्या शिकाऱ्यांमुळे. त्या अळ्या क्लेच्या होत्या, काडीकिडे नव्हते, हे खरं. तरीही पानावर बसलेल्या मऊ अंगाच्या जिवाला विषुववृत्ताजवळ कोणाची भीती जास्त, ते यातून कळतं. मुलांना वर्षावनातले शत्रू विचारले तर ती साप आणि गरुड सांगतात. त्यांना आधी मुंगी दाखवा.

आता पक्षी. 1952 साली डी रुइटर या डच संशोधकाने काडीसारख्या दिसणाऱ्या उंटअळ्या आणि खऱ्या काड्या एकत्र ठेवून त्यात 'जे' (jay) नावाचे, कावळ्याच्या कुळातले पक्षी सोडले. सुरुवातीला पक्षी अळ्यांवरून चालत गेले, पण त्यांनी त्या ओळखल्या नाहीत. मग एखादी अळी हलली किंवा पायाखाली आली आणि तोंडात गेली. त्यानंतर पक्षी काड्याही उचलून तपासू लागले. तपासता तपासता आणखी अळ्या सापडत गेल्या, आणि नुसत्याच काड्या हाती आल्या की त्यांनी नाद सोडला. सोंग टिकायचं असेल तर सोंगाड्या विरळ हवा, हे यावरून कळतं. एका झुडपावर दहा काडीकिडे बसले आणि भारद्वाजाला त्यातला एक सापडला, तर उरलेल्या नवांची खैर नाही. वर्षावनात जगातल्या 3,000 पेक्षा जास्त ज्ञात प्रकारांतला मोठा वाटा असला, तरी एकेक प्रकार तुरळक विखुरलेला सापडतो. विरळ राहणं हाही त्यांच्या बचावाचाच भाग आहे.

वर्षावनातले पक्षी तर टोळीने येतात. आपल्या घाटात वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांचे मिश्र थवे फिरतात. एक साल उचकटतो, दुसरा पानं धुंडाळतो आणि भृंगराज वर बसून उडालेला किडा झेलतो. कर्णा पक्षी फांदीवर दहा-दहा मिनिटं निश्चल बसतो आणि पानावरचा मोठा किडा झेप घेऊन उचलतो. दक्षिण अमेरिकेत एसिटॉन जातीच्या लष्करी मुंग्या 15-20 मीटर रुंद फळी करून जमीन विंचरत जातात. त्यांच्यापुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपायला मुंगीपक्षी हजर असतात. तिथे हलावं तर पक्षी खातो, थांबावं तर मुंगी चढते.

म्हणून काडीकिडा दिवसभर मिटून बसतो. पुढचे पाय डोक्याच्या पुढे सरळ ताणलेले, मिशा त्यांच्यामध्ये लपवलेल्या, अंग फांदीच्या रेषेत. वारा आला तर पानांबरोबर डुलायचं, कारण झुलत्या झाडावर न हलणारी काडीही खटकते. हालचाल सगळी रात्री. प्रयोगशाळांमध्ये जगभर पाळला जाणारा 'भारतीय काडीकिडा' मूळचा तमिळनाडूतल्या डोंगरांचा. त्याच्या कातडीतले रंगकण अंधार पडला की पसरतात आणि तो दिवसापेक्षा गडद होतो. रंगाचाही असा दिवस आणि रात्र आहे.

पण रात्र सुरक्षित आहे असं मानू नका. पनामाच्या वर्षावनात पाच-सात ग्रॅम वजनाचं मायक्रोनिक्टेरिस नावाचं वटवाघूळ पानावर गप्प, निश्चल बसलेला किडा केवळ प्रतिध्वनीवरून शोधतं. 2019 मध्ये त्याची युक्ती उलगडली. ते पानाकडे तिरक्या कोनातून येतं. गुळगुळीत पान आवाज आरशासारखा दुसरीकडे परतवतं आणि पानावर काही बसलेलं असलं तर फक्त त्याचा प्रतिध्वनी परत येतो. अशा वेळी काडीसारखा रंग काय कामाचा? खडबडीत सालीवर, काड्यांच्या गुंत्यात बसलेल्याला मात्र थोडा आडोसा मिळतो. आपल्याकडचं मोठ्या कानांचं मेगाडर्मा वटवाघूळ जुन्या वाड्यांत आणि लेण्यांत राहतं. ते भक्ष्याच्या चालण्याची खसखस ऐकून झडप घालतं. रात्री पाला खाताना, चालताना, जोडीदाराकडे जाताना काडीकिड्याला ही जोखीम घ्यावीच लागते.

सगळ्यात नाजूक वेळ कात टाकण्याची. हे एकदा जवळून पाहिलं तर मुलं विसरणार नाहीत. पिल्लू आदल्या दिवशी खाणं थांबवतं. रात्री किंवा पहाटे फांदीला मागच्या पायांनी पकडून डोकं खाली करून लटकतं. डोक्यामागची कातडी उभी फाटते आणि फिकट, ओलसर अंग खाली घसरू लागतं. एकेक लांब पाय जुन्या कातडीतून मोज्यातून काढावा तसा ओढला जातो. सगळा प्रकार साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास चालतो. पण नवे पाय कडक व्हायला आणखी काही तास लागतात. तोवर त्याला पळता येत नाही आणि फांदी नीट धरताही येत नाही. एक लाल मुंगी आली तरी खेळ संपतो. अंग जरा सावरलं की पिल्लू जुनी कातडी खाऊन टाकतं. त्यातलं पोषण वाया जात नाही आणि मागे खूणही राहत नाही. भारतीय काडीकिड्याला मोठं होईपर्यंत अशा सहा काता टाकाव्या लागतात, म्हणजे आयुष्यात सहा वेळा हा प्रसंग.

पाय तुटण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. सरड्याने पाय पकडला तर किडा तो पाय मांडीच्या मुळाशी, ठरलेल्या सांध्यात सोडून देतो. पिल्लू असेल तर पुढच्या कातींमध्ये पाय पुन्हा येतो, आधी आखूड आणि वाकडा, मग लांब. पूर्ण वाढलेला किडा कात टाकत नाही, म्हणून त्याचा गेलेला पाय गेलाच. निरीक्षणात 'किती पाय कमी' हे जरूर लिहा, पण प्रत्येक तुटका पाय शिकाऱ्याच्या नावावर टाकू नका. कात नीट न सुटल्यानेही पाय जातो.

बाकीचे बचाव एकापाठोपाठ सांगतो. हात लागताच मेल्यासारखं खाली पडणं सगळ्यात सर्रास. काही प्रकार रंगीत पंख झटक्यात उघडून दचकवतात. मलेशियातल्या हेटेरोप्टेरिक्स या काडीकिड्याची मादी मागचे काटेरी पाय कात्रीसारखे मिटते. क्वीन्सलँडच्या किनारी वर्षावनातला, केवड्याच्या जातीच्या झाडांवर राहणारा मेगाक्रॅनिया पेपरमिंटच्या वासाचा फवारा मारतो. आपल्या भागातल्या काडीकिड्यांकडे असं हत्यार असल्याचं गृहीत धरू नका, पण मुलांना किडा तोंडाजवळ धरू देऊ नका.

अंड्यांकडे बहुतेक लोक बघतही नाहीत, आणि माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. भारतीय काडीकिड्याचं अंडं तळहातावर घेतलं तर मोहरीच्या दाण्याहून जरासं मोठं. तपकिरी, टणक, एका टोकाला फिकट पिवळसर गोंडा. किडा म्हणावं असं त्यात काही नाही, सरळ बी वाटतं. मादी अंडी एकेक करून खाली टाकते आणि आयुष्यात अशी काही शे टाकते. त्या गोंड्यासाठी मुंग्या अंडं वारुळात नेतात, गोंडा कुरतडून खातात आणि टणक अंडं तसंच टाकून देतात. हे का चांगलं? कारण जमिनीवर पालापाचोळ्यात क्रायसिडिड कुळातल्या चिमुकल्या, चकाकत्या गांधीलमाश्या नेमकी हीच अंडी शोधत फिरतात. त्यांतले काही गट काडीकिड्यांच्या अंड्यांवरच जगतात. त्या अंड्याला भोक पाडून आत आपलं अंडं घालतात. वारुळात गेलेलं अंडं त्यांच्या हाती लागणं अवघड. म्हणजे जी मुंगी पिल्लू फाडते, तीच अंड्याला तिजोरीत ठेवते.

आणखी एक उदाहरण आहे, आणि ते आपल्या अंगणातल्या पक्ष्याच्या कुळातलं आहे. 2018 मध्ये जपानच्या कोबे विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या बुलबुलांना काडीकिड्यांची अंडी खायला दिली. 5 ते 20 टक्के अंडी विष्ठेतून अख्खी बाहेर पडली आणि एका प्रकाराच्या त्या अंड्यांतून पिल्लंही निघाली. अनेक प्रकारांत मादी नराशिवाय अंडी घालते आणि ती फळतात, म्हणून पोटात तयार अंडी असलेली मादी खाल्ली गेली तरी तिचा वंश दूर कुठेतरी रुजू शकतो. पेरूची बी जशी पक्ष्यांबरोबर जाते तसं.

जिथे शत्रू नवा असतो तिथे काय होतं, हे ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर दिसलं. हे वर्षावनाचं उदाहरण नाही, पण धडा तोच. तिथे वीतभर लांबीचा, जाडजूड, बिनपंखी काडीकिडा होता. 1918 साली एक जहाज किनाऱ्याला लागलं, त्यातून उंदीर उतरले आणि 1920 नंतर तो किडा बेटावर दिसला नाही. उंदीर रात्री येतो, झाडावर चढतो, वासाने शोधतो. सोंग त्याच्यापुढे निरुपयोगी. 2001 मध्ये वीसेक किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उघड्या खडकाच्या सुळक्यावर एका झुडपाखाली 24 किडे सापडले. 2003 मध्ये दोन जोड्या खाली आणून त्यांची पैदास सुरू झाली.

सातपुडा आणि वर्षावन यांतला फरकही मुलांना सांगा, नाहीतर ती आंबोलीत यावलच्या अपेक्षा घेऊन जातील. यावल, पाल, तोरणमाळ इथलं जंगल पानगळीचं: साग, सालई, धावडा, अंजन. माघ-फाल्गुनात झाडं उघडी पडतात. पाला नाही म्हणजे काडीकिड्याला खाणं नाही आणि लपायला जागाही नाही. कडक उन्हाळा काढतात ती पालापाचोळ्यातली अंडी. म्हणून आपल्याकडे अंड्यांचा मोठा वैरी वणवा. मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. त्यात काय काय जातं, हे मुलांनी वडीलधाऱ्यांशी बोलावं असा विषय आहे. सदाहरित जंगलात पाला बारमाही, म्हणून किडेही जवळपास बारमाही, आणि त्यांचे शिकारीही.

आंबोली हे विषुववृत्तीय वर्षावन नाही, पण सदाहरित आणि निमसदाहरित जंगल पाहायला उत्तम. दिवसा शोधण्यात मुलांची शक्ती घालवू नका. अंधार पडल्यावर तासाभराने निघा आणि दीड तासात परत या. वनखात्याची परवानगी, स्थानिक वाटाड्या, गुडघ्यापर्यंत बूट, आणि एका गटात दहापेक्षा जास्त मुलं नकोत. झुडपात हात घालायचा नाही. चापडा साप रात्री नेमका त्याच उंचीवर, तसाच निश्चल बसलेला असतो.

टॉर्च धरण्याच्या दोन पद्धती शिकवा. काडीकिडा शोधताना टॉर्च कमरेजवळ धरून प्रकाश बाजूने, तिरका टाकायचा. मग पानामागे सावली पडते आणि काडीला पाय आहेत हे सावलीत आधी दिसतं. शिकारी शोधताना टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरायचा. कोळ्यांचे डोळे हिऱ्याच्या कणीसारखे चमकतात. शंभर मीटर वाट, दोन्ही बाजूंची झुडपं, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत. कडेने अर्धगोल कुरतडलेली कोवळी पानं आणि खालच्या पानावर तुटक्या काडीसारखी सुकी विष्ठा दिसली की तिथे थांबा. वहीत वेळ, झुडूप, जमिनीपासून उंची, किडा काय करतोय (बसलाय, चालतोय, खातोय, जोडीत आहे, कात टाकतोय), पाय किती, आणि एक मीटरच्या आत दिसलेले कोळी, मुंग्या, बेडूक, पाली लिहा. तिथला किडा घरी आणायचा नाही. भारतीय काडीकिडा पाळणाऱ्यांच्या हातून सुटून कॅलिफोर्नियात बागांचा उपद्रव होऊन बसला आहे.

क्लेचा प्रयोग मात्र शाळेच्या आवारातही होतो. हिरव्या आणि तपकिरी क्लेच्या 3 सेंटिमीटर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक अशा 40 वळ्या करा. फांद्यांवर एकमेकींपासून किमान 5 मीटरवर चिकटवा आणि 24 तासांनी भिंगातून पाहा. चोचीची खूण त्रिकोणी खाच किंवा समोरासमोर दोन घाव अशी असते. उंदराच्या दातांचे दोन समांतर चर असतात. मुंग्यांचे टाचणीने टोचल्यासारखे पुष्कळ बारीक ठिपके असतात. हा प्रयोग खानदेशात ऑगस्ट ते जानेवारीतच करा. मार्चनंतरच्या उन्हात क्ले पाघळते आणि खुणा पुसतात. क्लेला किड्याचा वास नसतो, म्हणून आकडा खरा धोका सांगत नाही. दोन जागांची तुलना तेवढी सांगतो.

आता तुमची पाच पिल्लं. मागे काय उरलं त्यावरून चोर ओळखता येतो. काहीच उरलं नाही किंवा एखादाच पाय उरला, तर पाल. ती अख्खं गिळते. तुकडे पडलेत आणि मुंग्यांची रांग आहे, तर मुंग्या. सुकलेलं, पोकळ कलेवर आणि जवळ जाळ्याचा धागा, तर पाल्याबरोबर आलेला कोळी. पाला खोचलेल्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडात अडकलेलं, तर बुडालं. अर्धी पांढुरकी कातडी चिकटलेली आणि अंग वाकडं, तर कात अडकली, म्हणजे हवा कोरडी होती किंवा लटकायला उंची कमी पडली. सगळी एकाच दिवशी पाय आखडून तळाला पडली असतील तर पाल्यावर फवारणी झालेली होती. गर्दीत आणि उपासमारीत पिल्लं एकमेकांचे पायही कुरतडतात.

पिंजऱ्याची उंची पूर्ण वाढलेल्या किड्याच्या किमान तिप्पट हवी. 8 सेंटिमीटरच्या किड्याला 45 सेंटिमीटर उंच आणि 30 बाय 30 चा तळ निवांत पुरतो. वरच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी, म्हणजे लटकता येतं. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या जाळीच्या कपाटाचे ठेवतात तसे, आणि पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. नुसत्या पाण्यावरून हलक्या मुंग्या तरून जातात. पिंजरा भिंतीला किंवा पडद्याला टेकता कामा नये. सगळी सावधगिरी घेऊनही मुंग्या येतात त्या बहुतेक इथूनच.

पाला ज्या झुडपावर किडा सापडला त्याचाच द्या. पेरूचा पाला बरेच प्रकार खातात. कपाशी किंवा केळीच्या बांधावरचा पाला आणू नका. फांदी झटकून, धुऊन, उलटसुलट पाहून मगच आत ठेवा, आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. सकाळ-संध्याकाळ बारीक फवाऱ्याने पाणी शिंपडा. तासाभरात पानं सुकली पाहिजेत, नाहीतर बुरशी येते. कूलरचा झोत थेट येऊ देऊ नका. उलटं लटकलेलं पिल्लू दिसलं तर पुढचे 24 तास हात लावायचा नाही, अडकलेली कातही ओढायची नाही.

उरलेली तीन मोठी झाली की तळाशी 'बिया' पडू लागतील. मुलं त्या कचरा म्हणून झाडून टाकतात. त्या गोळा करून ओलसर जाड वाळूवर ठेवा आणि वरून जाळी बांधून डबा माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवा. वाळू दर दोन-तीन दिवसांनी हाताने चाचपा. पिल्लं निघायला चार महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. एक अंडं मुंग्यांच्या वाटेवर ठेवून पाहा. गोंडा असलेलं उचललं जातं का, आणि नखाने गोंडा काढलेलं मागे राहतं का, हे मुलांनाच मोजू द्या.